कवळीवालीने न ऐकलेली गोष्ट

"नेमकं काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, नाही मिळत."

"एवढंच? त्या खिडकीत बसल्या होत्या, तू समोर गेलीस, आणि त्या म्हणाल्या, नाही मिळत?"

"लिफ्टच्या कोर्सला सरकार आपल्या वाट्याचे पैसे देत नाही. कॉलेजला देतं. झालं समाधान?"

"कुठल्या कॉलेजला?"

"कॉलेज म्हणजे कॉलेज. जिथे पोरं डॉक्टर होतात ते."

"आणि लिफ्टला का नाही?"

"मला काय ठाऊक का नाही."

मुलगी प्लास्टरच्या एका जबड्यावरची पांढरी भुकटी झाडत होती. तिने ब्रश खाली ठेवला.

"तुला ठाऊक नाही," ती सावकाश म्हणाली. "आई, मागच्या आठवड्यात कांदा महागला तर तू भाजीवाल्याच्या गोदामाचं भाडं विचारून आलीस. त्याच्या साडूचं आणि त्याचं का बिनसलं तेही विचारून आलीस. आणि माझ्या जन्मापासून ज्या खात्यात पैसे टाकतेस, त्याची चौकशी करायला गेलीस ती दोन वाक्यं घेऊन परत?"

"गर्दी होती."

"गर्दीत तर तू खुलतेस."

"डोकं खाऊ नकोस. तो दिवा मोठा कर, मेण घट्ट होतंय."

"आई."

आईने चिमट्यातला दात परत डबीत टाकला. "माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "बाई बोलत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दोन-चार शब्द कानावर पडले, ते तुला सांगितले."

"तोंडाकडे काय बघायचं होतं?"

"त्यांच्या तोंडात माझे दात होते."

भांडण तिथेच थांबलं. म्हणजे मिटलं नाही, पण दोघींनाही त्याचा विसर पडला. मुलगी स्टूल ओढून समोर येऊन बसली. "खरंच?" तिने विचारलं. "कुठले? कुणाचे? म्हणजे, कुठल्या खोक्यातले?"

असं या घरात आजवर कधी घडलं नव्हतं.

आई कवळ्या करते. घराच्या मागच्या खोलीत खिडकीला लागून लांबलचक टेबल आहे, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, निरनिराळ्या पांढऱ्या रंगांच्या दातांच्या डब्या आणि कोपऱ्यात पॉलिशचं चाक. पांढरा रंग किती प्रकारचा असतो हे या खोलीत आल्याशिवाय कळत नाही. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत असतात आणि पहिल्यांदा येणारा माणूस बोलायचं ते विसरून त्यांच्याकडेच बघत राहतो. दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचं माप घेतात, त्यावरून केलेला साचा खोक्यात घालून पाठवतात. खोक्यावर एक आकडा. नाव नाही, वय नाही, बाई की बुवा तेही नाही.

"कवळी हे माणसाचं गुपित असतं," दंतवैद्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तुम्हाला तोंड कळलं तरी चेहरा कळता कामा नये."

ज्या बाईला गल्ली 'चौकशी खिडकी' म्हणते तिला ही अट. ती रस्त्यात खड्डा खणणाऱ्यांना विचारते की खाली काय सापडलं. शववाहिकेच्या चालकाला तिने एकदा विचारलं होतं की रिकामी गाडी परत नेताना तुम्ही गाणी लावता का. (लावतो म्हणाला. हळू आवाजात.) आणि अशा बाईने आयुष्यभर शेकडो लोकांच्या तोंडात हात घालायचा, पण तोंड कुणाचं ते विचारायचं नाही.

मग तिने आणि मुलीने एक खेळ काढला होता. खोकं उघडलं की साचा दोघींच्या मध्ये ठेवायचा आणि ओळखायचं.

"हा एकाच बाजूने चावतो," आई म्हणायची. "दुसऱ्या बाजूला कुणीतरी लहानपणी थोबाडीत मारली असेल."

"हा शिंपी," मुलगी म्हणायची. "पुढच्या दातात खाच बघ. टाचण्या धरून धरून पडलीय."

"शिंपी की शिंपीण?"

"शिंपी. शिंपीण टाचण्या उशीला लावते."

खरं-खोटं करायला कुणीच यायचं नाही, त्यामुळे दोघीही कधी हरल्या नाहीत.

मुलीचे वडील ती चालायला लागायच्या आत घर सोडून गेले. सकाळी गेले ते गेलेच. गल्लीने ढीग प्रश्न विचारले. चौकशी खिडकीने एकही विचारला नाही. तिच्या आयुष्यात तिने आपणहून न केलेली चौकशी ती एवढीच.

खातं त्याच्या आधीचं. प्रसूतिगृहात एक परिचारिका खाटेपाशी येऊन म्हणाली होती, "मुलीचं शिक्षणाचं खातं उघडलंत का? तुम्ही महिन्याला जमेल तेवढं टाकायचं, वर्षाच्या शेवटी सरकार त्यात आपली भर घालतं. मुलगी शाळा संपवून पुढे शिकायला गेली की सगळं तिचं. नाही गेली, तर तुमचं तुम्हाला परत आणि सरकारचं सरकारला."

बाळ काही तासांचं होतं. आईने विचारलं, "पण सरकार का देतं?"

"देतं ना, मग घ्यायचं," परिचारिका म्हणाली.

या उत्तराने चौकशी खिडकीचं काय होणार. तिने खातं उघडलं ते मुलीच्या काळजीने जेवढं, तेवढंच या प्रश्नाच्या पोटी. दर महिन्याला पैसे टाकायचे आणि दर महिन्याला कुणाला तरी विचारायचं: सरकार का देतं? दंतवैद्य म्हणाले, मतांसाठी. पोस्टमन म्हणाला, त्यांच्याकडे उरतात म्हणून. तिचा भाऊ म्हणाला, "ताई, यात काहीतरी मेख आहे. तू बघ, शेवटी मुलगीच घेऊन जातील." मुलीला हे इतकं आवडलं की ती शाळेत सांगत सुटली, मी अर्धी आईची आणि अर्धी सरकारची.

पैसे कधी कमी पडले, चाकाची मोटर जळली, छताचं पाणी फळीवरच्या जबड्यांवर ठिबकलं. तेव्हाही तिने खात्याला हात लावला नाही. त्या पैशांकडे बघताना तिला एकच चित्र दिसायचं: पाचव्या मजल्यावरचा दंतवैद्यांचा दवाखाना, पांढरी खुर्ची, खुर्चीत तोंड उघडून बसलेला माणूस, आणि त्याच्यावर वाकलेली तिची मुलगी. तोंड आणि चेहरा दोन्ही एकदम बघणारी. दंतवैद्यकीचं कॉलेज गावातच होतं, दोन बस बदलल्या की पोहोचता येईल असं. मुलीला गुणही तेवढे होते.

पण त्याच पाचव्या मजल्याने घोळ केला. तयार कवळ्यांची खोकी पोहोचवायला मुलगी लहानपणापासून जायची, आणि एकदा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. आत ती आणि कुणाच्या तरी दोन कवळ्या. तिला भीती वाटली नाही. वर छताची झडप उघडली, एका बाईने डोकं आत घातलं आणि म्हणाली, "विजेरी धरतेस का ग जरा? माझा तिसरा हात आज सुट्टीवर आहे." मुलीने विजेरी धरली. झडपेतून वर काळोखी उंच पोकळी, त्यात तेलकट दोर आणि आपल्या डोक्याएवढी दातेरी चाकं. इतकी वर्षं ती ज्या डब्यातून वर-खाली करत होती, त्याला हे असलं काही वर जोडलेलं असेल हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. ती घरी उशिरा आली आणि आईने विचारायच्या आत स्वतःच सांगत बसली. आई ऐकत राहिली. तिला आपल्याच आवाजातलं कुणीतरी बोलतंय असं वाटलं, फक्त ते दातांबद्दल नव्हतं.

आता मुलीची शाळा संपली होती. लिफ्ट बसवण्या-दुरुस्त करण्याचा दोन वर्षांचा कोर्स, त्यात तिला जागा मिळाली होती. संस्था दुसऱ्या शहरात. शनिवारच्या आत शुल्क भरायचं होतं. सरकारचा वाटा मिळाला तर जमणार होतं, नुसत्या आईच्या वाट्यात नाही.

म्हणून आई काल बचत कार्यालयात चौकशीला गेली होती.

"सांग ना, कुठले दात?" मुलीने विचारलं.

"थंडीत आलेलं खोकं आठवतंय? टाळू अरुंद, आणि वरच्या हिरडीला उजवीकडे बारीकसा उंचवटा."

"तो? मी म्हटलं होतं ना, ही शिक्षिका असणार. दात-ओठ खाऊन खाऊन दात संपले."

"आणि मी म्हटलं होतं, ही कमी बोलते. नीट ऐक. बाईंनी मान वर केली, 'बसा' म्हणाल्या, आणि मला माझा सुळा दिसला. डावीकडचा. मी जरासा वळवून बसवते ना, सरळ रांगेत उभे केलेले दात खोटे वाटतात म्हणून."

"मग?"

"मग काय. आपले दात बोलताना मी पहिल्यांदा बघितले. नुसते खोक्यात बघायची सवय. ते हलत होते, मध्येच झाकले जात होते, त्यांच्यामागून जीभ दिसत होती. त्यांनी बिस्कीट पण खाल्लं. माझ्या समोर, माझ्या दातांनी." तिने पुन्हा चिमटा उचलला. "आणि 'स' म्हणताना शिट्टी वाजते. पुढचे दोन मी अंमळ पुढे बसवलेत. माझी चूक. बाई तोंडावर हात ठेवून बोलतात त्यामुळे."

मुलगी बराच वेळ हसली. मग उठून ब्रश घेतला. "उद्या आपण दोघी जाऊ," ती म्हणाली. "तू दात बघ, मी ऐकते."

"कशाला? सांगितलं ना मी, नाही मिळत म्हणून."

"तुला ऐकूच आलं नाही असंही सांगितलंस."

आईने उत्तराऐवजी चाक सुरू केलं. चाक सुरू असलं की त्या खोलीत कुणालाच काही ऐकू येत नाही.

बचत कार्यालय म्हणजे एक लांबट दालन. जमिनीला स्क्रूने जखडलेली बाकं, एका टोकाला तीन खिडक्या, त्यातल्या दोन कायम बंद. उघड्या खिडकीत बचतबाई बसल्या होत्या. कानामागे पेन्सिल, समोर झाकण ठेवलेला कप. दोघी आत गेल्या तसं आईने मुलीला कोपराने ढोसलं.

"डावा सुळा."

"दिसला. बोटाने दाखवू नकोस."

"बोट नाही दाखवत मी. मान दाखवतेय."

त्यांचा नंबर आला. बचतबाईंनी तोंडावर हात नेला आणि हाताआडून विचारलं, "बोला."

मुलगी बोलली. कोर्स कुठला, संस्था कुठली, खातं कुणाचं. बचतबाईंनी एका जाड यादीची पानं उलटली. आई पुढे वाकून बघत होती, पण यादीकडे नाही.

"आहे," बचतबाई म्हणाल्या. "लिफ्टचा कोर्स. मान्य आहे."

"म्हणजे मिळेल?"

"मिळेल. तुमचा वाटा, आमचा वाटा, दोन्ही. रक्कम थेट तिकडे जाईल, उद्यापर्यंत. तुम्ही फक्त इथे, माझ्या अंगठ्याशेजारी, नाव लिहा."

"मी? की आई?"

"तुम्ही. पैसे घरच्यांचे, पण काय शिकायचं ते मुलाने ठरवायचं. नियमच तसा आहे."

मुलीने नाव लिहिलं. लिहून झाल्यावर तिने आईकडे पाहिलं. आई अजून वाकलेलीच होती.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं," आई म्हणाली. मग बचतबाईंना म्हणाली, "एक विचारू का? तुम्ही इथेच बसता म्हणून. सरकार का देतं हो हे पैसे?"

बचतबाईंनी हात तोंडावरून थोडा खाली घेतला. इतकी माणसं त्या खिडकीपुढे येऊन गेली, कधी मिळणार, किती मिळणार, उशीर का झाला हे सगळ्यांनी विचारलं. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"वरचे लोक काय म्हणतात ते पत्रकात आहे," त्या म्हणाल्या. "माझं विचाराल तर..." त्यांनी शब्द शोधला, एक टाळला, दुसरा घेतला, आणि हात खाली होता म्हणून शिट्टी चुकवायला 'स'चा 'त' केला. "आपले एकट्याचे पैते आपण मोडतो. अडचण आली की मोडतो. पण त्यात दुतऱ्याचा वाटा आहे म्हटलं की हात थबकतो. मी रोज बघते. लोकांनी मोडू नये म्हणून आम्ही आपलं थोडं त्यात मिळवून ठेवतो."

"म्हणजे राखणीला बसवल्यासारखं."

"तसंच काहीतरी." 'तसंच' म्हणताना बारीक शिट्टी वाजली आणि बचतबाईंचा हात झटकन वर गेला.

आई खिडकीच्या अगदी जवळ गेली. मुलीने तिची ओढणी मागून धरली, पण तिने आवाज इतका खाली आणला होता की मागच्या बाकावर काही पोहोचलं नसतं.

"तुमच्या डॉक्टरांकडे जा," ती म्हणाली. "म्हणावं, पुढचे दोन थोडे आत घ्यायला पाठवून द्या. खोकं पाठवलं की दुसऱ्या दिवशी परत मिळेल. पैसे पडायचे नाहीत. ती चूक तुमच्या जिभेची नाही."

बचतबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग तिच्या हातांकडे. नखांच्या कडेचा प्लास्टरचा पांढरा थर कितीही घासला तरी जात नाही. त्यांना काय कळलं आणि किती कळलं, कुणास ठाऊक.

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय," बचतबाई हळूच म्हणाल्या. "मी आरशासमोर बसून आकडे म्हणत होते. सात, सत्तर, सातशे."

"सोडा ते. आत घेतले की सातशे काय, हवे तितके म्हणा."

बचतबाई हसल्या. हात न नेता हसल्या, आणि मुलीने पहिल्यांदाच तो सुळा नीट बघितला. जरासा वळलेला. खरा वाटणारा.

दोघी निघाल्या. दाराशी पोहोचतात तोच बचतबाईंनी मागून हाक मारली. त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या आणि चेहरा उजळला होता. एखाद्याने आपलं काम केलं की आपणही त्याचं काहीतरी करावं, तसं त्यांना झालं असणार.

"अहो ताई, आत्ता आठवलं, तुमचं राहिलंच की. परवा तुम्ही विचारलंत ना, तिथल्या वसतिगृहात मुलींना वेगळी खोली मिळते का, आणि घरी कधी कधी पाठवतात? मी फोन लावून विचारलं. खोली मिळते. आणि महिन्यातून एकदा घरी पाठवतात."

दालनात कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. मुलगी दारात थांबली.

"परवा?" तिने बचतबाईंना विचारलं.

"परवाच. लिफ्टचा कोर्स मान्य आहे म्हटलं, तेव्हा. बराच वेळ विचारत होत्या. तिथे पाऊस किती पडतो ते पण विचारलं, आता ते मला कुठलं माहीत." बचतबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, मग पेन्सिल कानामागून काढली आणि पुढच्या माणसाचे कागद ओढून घेतले.

मुलगी आईकडे वळली. ती रागावली नव्हती. खोकं उघडून साचा मध्ये ठेवल्यावर ती ज्या नजरेने बघायची, त्याच नजरेने ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"आई," तिने विचारलं, "परवा तुला सगळं ऐकू आलं होतं?"

आईने पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला, नखांतलं पांढरं प्लास्टर एकदा अंगठ्याने खरवडलं, आणि दार ढकलून ती बाहेर गेली.